रुमालाबाहेरचा भाव

राजेश्वरीने तेरा वर्षांत सातशेच्या वर गाड्या विकल्या होत्या, पण मान वळवून बघावं अशी त्यातली एकही नव्हती. नेरूळला महामार्गाच्या कडेला असलेल्या त्या शोरूममध्ये तिच्या वाट्याला साधी माणसं यायची. करंजाड्याला नवा फ्लॅट घेतलेली जोडपी, सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी उंच सीट शोधणाऱ्या सुना, मायलेज विचारल्याशिवाय स्वतःचं नाव न सांगणारे बँकेतले साहेब. या लोकांना गाडी विकणं सोपं नसतं हो. एकेका हजारासाठी तासभर घोटाळतात आणि शेवटी सीटकव्हर फुकट मागतात. राजेश्वरीने सगळ्यांना सांभाळलं, पण मोठ्या गाड्यांच्या टेबलाशी तिला कुणी कधी बसवलं नाही.

मग फेब्रुवारीत कंपनीची नवी कूपे आली. दोनच दारं, जमिनीला टेकेल असं पोट आणि मागच्या सीटवर बसलं तर मांजर बसेल एवढी जागा. शून्यापासून शंभराच्या वेगाला चार सेकंद पुरतात म्हणे. किंमत चौऱ्याऐंशी लाख, वर टॅक्स आणि इन्शुरन्स, म्हणजे दारात येईपर्यंत कोटीला हात. सात माणसांची गाडी पंचेचाळीसला मिळते आणि हे लोक पाच माणसं कमी करून दुप्पट घेतात, असं वॉचमनचं मत पडलं. खरं सांगायचं तर शोरूममधल्या निम्म्या लोकांचंही तेच मत होतं, फक्त ते टाय लावून गप्प होते.

मालकांनी सगळ्यांना बोलावून कंपनीची अट सांगितली. पाडव्याच्या आत पहिली गाडी पुऱ्या किमतीला गेली पाहिजे. जो ती विकेल, त्याच्याकडे या गाडीचं टेबल कायमचं. सूट देऊन गेली, तर टेबल सांभाळायला कंपनी आपला माणूस पाठवणार. सगळ्यांच्या नजरा दोन वर्षांपूर्वी आलेल्या, छान इंग्रजी बोलणाऱ्या राजवर्धनकडे गेल्या. राजेश्वरीने हात वर केला तेव्हा मॅनेजर इंद्रजित हसला आणि तू आमची फॅमिली गाड्यांची राणी आहेस, कशाला टेन्शन घेतेस, असं लाडाने म्हणाला. त्या लाडाचा तिला इतका राग आला की हात खाली घ्यायला तिने साफ नकार दिला. ते टेबल आपलंच, हे तिने त्या क्षणी ठरवून टाकलं.

पुढचा आठवडा ती जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये बसली. एवढे पैसे कशाचे, हे आधी तिला स्वतःला कळायला हवं होतं. मेकॅनिकने चाक काढून ब्रेकची तबकडी दाखवली, ती तिच्या घरच्या पुरणाच्या परातीएवढी होती. गाडी पळते हे सगळेच सांगतात, पण एवढ्या वेगातून ती सरळ रेषेत थांबते कशी, वळणावर पोट न हलवता वळते कशी, पैसे त्याचे आहेत हे तिला उमगलं. त्या दिवसापासून चौऱ्याऐंशी हा आकडा तिच्या तोंडातून अडखळल्याशिवाय निघू लागला. विकणाऱ्याची जीभ भाव सांगताना अडखळली की घेणाऱ्याला लगेच वास येतो.

मार्चच्या एका रविवारी नंदकुमार शेठ आले. वाशीच्या फळबाजारातले मोठे अडते, आंब्याच्या दिवसांत यांच्या गाळ्यावर रोज हजारो पेट्या उतरतात. बरोबर मुलगा यशराज होता आणि गाडी त्याच्यासाठी बघतोय असं शेठ म्हणत होते. राजेश्वरीने मात्र बापाकडेच लक्ष ठेवलं. शेठ त्या खोल सीटमध्ये बसले, दार ओढून घेतलं, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ समोर बघत राहिले. त्यांनी मायलेज विचारलं नाही. ज्याला मायलेज विचारायचं सुचत नाही, त्या माणसाने मनात गाडी घेऊन टाकलेली असते. फक्त भाव त्याच्या गळ्याखाली नीट उतरवावा लागतो.

शेठ बाहेर आले, गुडघा चोळला आणि जरा दम खाऊन म्हणाले की आकडा मोठा आहे. ती उत्तर देणार एवढ्यात इंद्रजित मध्ये घुसला. रविवारची गर्दी होती, दहा-पंधरा माणसं आजूबाजूला, आणि या शहाण्याने कंपनीची अट गुंडाळून ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की शेठ, तुमच्यासाठी चार लाख सोडले. त्याला वाटलं, शेठ खूश होतील. शेठचा चेहरा आंबट झाला. मोठ्याने चार लाख सुटतात म्हणजे हळू आवाजात दहा सुटत असणार, हे कुठल्याही व्यापाऱ्याला कळतं. आणि आता चारचौघांदेखत ऐंशीला घेतली तर उद्या अख्खा बाजार म्हणणार, शेठ फसले. शेठनी तितक्याच मोठ्याने पंच्याहत्तर सांगितले, इंद्रजित ओशाळून हसला आणि शेठ मुलाला घेऊन निघून गेले.

गिऱ्हाईक हातचं गेलं ते गेलंच, वर इंद्रजित तिलाच म्हणाला की बघ, ही गाडी आठ-दहा लाख सोडल्याशिवाय हलत नाही, मालकांशी बोलून घेतो. पाडव्याला नऊ दिवस होते. राजेश्वरीने त्याच्याकडे दोन दिवस मागितले आणि घरी आली.

घर जुईनगरला, दोन खोल्यांचं. वडील, आप्पा, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी तीस वर्षं वाशीच्या त्याच बाजारात माथाडी म्हणून पेट्या वाहिल्या होत्या. आता मानेचे मणके गेल्यामुळे खांद्यावर टॉवेल टाकून दारात बसत. राजेश्वरीने त्यांना सगळं सांगितलं. आप्पांनी मध्ये एकदाच थांबवून विचारलं, शेठनं आकडा तोंडाने उच्चारला की कसं? उच्चारला, सगळ्यांसमोर, ती म्हणाली.

"मग त्यो भाव न्हवं," आप्पा म्हणाले. "तुज्या सायबानं सांगितला त्यो बी न्हवं. रुमालाभायेरचा भाव म्हंजी नुस्ता वारा."

आंब्याचा सौदा या बाजारात अजूनही पुष्कळदा रुमालाखाली होतो. विकणारा आणि घेणारा हातावर कापड टाकतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच, पंजा धरून वर तीन बोटं की आठ. तोंडाने एक शब्द नाही. कुणाला किती भाव पडला हे शेजारच्याला कळत नाही, म्हणून महाग घेणारा आणि स्वस्त घेणारा एकाच टपरीवर चहा पितात. आप्पांचा स्वतःचा हात त्या रुमालात कधीच गेला नव्हता. हमालाने सौदा होईपर्यंत डोक्यावर चुंबळ घेऊन बाजूला उभं राहायचं आणि हात सुटले की पेटी उचलायची. पण बघून बघून त्यांना सगळी बोटं पाठ झाली होती आणि राजेश्वरीला लहानपणी आकडे त्यांनी याच टॉवेलखाली शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती बाजारात गेली. शोरूमचाच गणवेश, पायात बूट, आणि चहूकडे पेंढा, पेट्या, आरडाओरडा. शेठच्या गाळ्यावर लिलावाची गर्दी होती. ती ट्रकच्या सावलीला पाऊण तास उभी राहिली. आप्पांचं नाव सांगितलं असतं तर कुणी खुर्ची दिली असती, पण येतानाच तिने ठरवलं होतं की ते नाव इथे वापरायचं नाही. गाडी तिच्या बळावर विकली जाणार होती.

गर्दी ओसरल्यावर शेठनी तिला ओळखलं आणि किती उतरायचं ठरलं, असं विचारलं. तिने सांगितलं की काहीच ठरलं नाही. काल दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते रुमालाबाहेरचं होतं, तुमच्याच बाजाराच्या रिवाजाने ते धरायचं नाही. सौदा आज आहे. शेठ थोडे चमकले. मग तिने विचारलं की जानेवारीत हापूसची मुहूर्ताची पहिली पेटी आली तेव्हा तिचा भाव तुम्ही किती खाली केलात? शेठ म्हणाले, मुहूर्ताची पेटी कोण खाली करतं, तिच्या भावावर तर पुढचा सगळा हंगाम उभा असतो. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुठे येऊन पोचलो.

"शेठ, ही पन मुहूर्ताचीच हाय," राजेश्वरी म्हणाली. घरची बोली तिच्या तोंडी कधी आली ते तिलाही कळलं नाही. "पहिली मी पाडून विकली, तर उद्या तुमच्या दारातल्या गाडीची किंमत कोन ठेवनार?"

शेठनी खांद्यावरचा पंचा काढला. मग थबकले. बाईचा हात रुमालात, हे त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. दोन-चार दलाल मान उंचावून बघू लागले, कुणीतरी हसलंही. राजेश्वरीने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी शेठनी त्यावर पंचा टाकला.

शेठची बोटं सराईत होती. पंजा आणि वर दोन, मग थांबून पंजा. पंच्याहत्तर. राजेश्वरीने त्यांचा पंजा धरला, वर तीन बोटं, थांबली, मग चार. चौऱ्याऐंशी. शेठ ऐंशीवर आले. तिने परत तेच दाबलं. ते ब्याऐंशीवर आले. तिने परत तेच, आधीपेक्षा जोरात नाही आणि हळूही नाही. मनात एकच होतं की बोट हललं तर टेबल गेलं. शेठनी तिचा हात धरून ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. व्यापारी बोटांपेक्षा डोळ्यांत भाव जास्त वाचतात. तिने डोळे खाली घातले नाहीत.

मग शेठनी पंजा धरला, तीन बोटं, थांबले, आणि चार.

पंचा झटकून ते मोठ्याने म्हणाले की सौदा झाला, पाडव्याला गाडी दारात हवी. शेजारच्या गाळ्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, शेठ, किती तोडले? शेठ नुसते मिशीत हसले, आणि ज्याला जो आकडा हवा तो त्याने त्या हसण्यातून घेतला. अख्ख्या गल्लीने शेठनी शोरूमवाल्यांना चांगलंच पिळलं असं ठरवून टाकलं. शेठला हवं होतं ते एवढंच होतं, आणि त्यासाठी तिला एक रुपयाही सोडावा लागला नाही.

ती निघताना शेठनी ही बोटं कुणी शिकवली म्हणून विचारलं. आता सौदा झाला होता, म्हणून तिने वडिलांचं नाव सांगितलं, आणि तुमच्याच गाळ्याच्या पेट्या वाहायचे हेही सांगितलं. शेठनी हातातल्या पंच्याची घडी केली. आप्पा बाजूला उभा असायचा, चुंबळ घेऊन, एवढंच म्हणाले.

शोरूममध्ये बुकिंगचे कागद टेबलावर ठेवल्यावर इंद्रजितने किमतीचा रकाना दोनदा वाचला. मालकांनी टेबलाचं काय ते संध्याकाळच्या आत सांगून टाकलं आणि राजवर्धनने तिची खुर्ची स्वतः उचलून त्या टेबलाशी नेली. पोरगा तसा वाईट नव्हता.

ती घरी आली तेव्हा आप्पा दारातच होते. सौदा झाल्याची बातमी बाजारातून फोनवर आधीच येऊन पोचली होती, जुन्या टोळीतल्या कुणीतरी कळवलं होतं की पोरीनं हात घातला. भाव मात्र कुणालाच माहीत नव्हता. आप्पांनी तो विचारला नाही. तीस वर्षं बाजारात काढलेला माणूस, रुमालाखालचा आकडा तोंडाने विचारायचा नसतो हे त्यांना सांगायला नको होतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला आणि तो हात तिच्यापुढे केला.

राजेश्वरी पायरीवर बसली. टॉवेलखाली हात घालून तिने तो खरखरीत पंजा धरला, मग तीन बोटं, थांबली, आणि चार. आप्पांनी डोळे मिटले.

"पुरा?"

"पुरा, आप्पा."

तिला वाटलं आता ते हात काढतील. त्यांनी काढला नाही. तीस वर्षं बाहेर उभा राहिलेला तो हात आत आला होता आणि त्याला निघायची घाई नव्हती. तिला रडू येत होतं, आणि ते तिने येऊ दिलं. मग टॉवेलखाली आप्पांची बोटं हलली. त्यांनी तिचा पंजा धरला, वर तीन बोटं धरली, थांबले, आणि परत सगळा पंजा. पंच्याऐंशी. आप्पांनी आयुष्यात लावलेला पहिला भाव, शेठपेक्षा एक लाख जास्त.