माझा कडक उपास आणि पेणची दुर्बीण

आधी चहा संपवा, मग सांगते. फजिती माझीच आहे, पण ती आतड्याच्या तपासणीतली आहे.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. आम्ही रोह्याला राहायचो. मला शौचावाटे रक्त जायला लागलं. माझे वडील आतड्याच्या कॅन्सरनेच गेलेले, त्यामुळे माझी झोपच उडाली. पेणचे डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीने आतून बघू. आदल्या दिवशी अन्न घ्यायचं नाही आणि हे जुलाबाचं औषध प्यायचं. आतडं स्वच्छ हवं."

एवढंच? चतुर्थ्या, एकादश्या, श्रावणी सोमवार करता करता माझे केस पिकले. मला कोण उपास शिकवणार?

दुसऱ्या दिवशी पेणला टेबलावर पडले. डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि थांबले.

"बाई, काल काय खाल्लंत?"

"अन्नाचा कण नाही हो. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून. दुपारी रताळ्याचा कीस. रात्री वऱ्याचे तांदूळ."

"एकादशी अन् दुप्पट खाशी. मला आत खिचडीच दिसतेय. पुन्हा या."

पुढच्या खेपेला नुसत्या साखरपाण्यावर राहिले. आयुष्यातला तो माझा पहिला खरा उपास. या वेळी दिसला, वाटाण्याएवढा मांसाचा कोंब. त्याला पॉलिप म्हणतात. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे काढला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही.

"वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "असाच वाढू दिला असता, तर काही वर्षांनी त्याचाच कॅन्सर होऊ शकला असता. सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा."

मी तडक पेणमध्येच राहणाऱ्या दादाकडे गेले.

"मला काय झालंय गो? खातोय, पितोय."

"बाबाही खात-पीतच होते, दादा."

महिन्याभरात मी त्याला टेबलावर झोपवलाच. आदल्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात मीच बसून होते. त्याच्याही आतड्यात दोन कोंब निघाले. तेही वेळेत काढले, तपासणीतही काही वाईट निघालं नाही.

निकाल घ्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा मी अशी ताठ, जणू दुर्बीण मीच धरली होती.

"डॉक्टर, ओळखलंत ना मला? दोनदा तपासलंत."

डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत घातला, मला नीट न्याहाळलं. "माफ करा बाई, चेहरा काही आठवत नाही."

दादा शांतपणे म्हणाला, "त्यांनी तो बघितलाय कधी गो?"