काचेवरचं अक्षर

माझे यजमान वैमानिक होते. तुंगार्लीच्या आमच्या घरी दर पंधरवड्याला कुरिअरने एक जाड पाकीट यायचं. त्यात विमानतळांच्या नकाशांची नवी पानं असत. कुठे धावपट्टीचे दिवे बदललेले, कुठे टेकडीवर नवा मनोरा उभा राहिलेला. फाइलच्या कड्या उघडून जुनं पान काढायचं, त्याच जागी नवं घालायचं आणि काढलेल्याचा कोपरा फाडायचा, म्हणजे ते चुकून परत आत जात नाही. हे काम ज्याचं त्याने करायचं असा दंडक होता. आमच्याकडे ते दोघांत व्हायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, त्यामुळे पानं आणि अनुक्रमांक यांत माझा हात त्यांच्यापेक्षा बरा होता.

शेवटी, जुन्या पानावर त्यांनी पेन्सिलीने खरडलेलं नव्या पानावर उतरवायचं असे. ते वाचून दाखवत आणि मी लिहीत असे.

"लिही, उतरताना वारा डावीकडून ढकलतो. लिही, इथला कंट्रोलर भरभर बोलतो, दोनदा विचारावं."

"अहो, असं लिहितात का नकाशावर?"

"मग काय, ओव्या लिहू?"

स्वतःचं अक्षर त्यांना स्वतःलाच जेमतेम लागत असे. फायलींतली सगळी टिपणं त्यामुळे माझ्या अक्षरात होती, आणि त्यांच्या हातची पानं कोपरा फाडून रद्दीत जात.

मग कंपनीने सगळ्यांना टॅब दिले. फायली कार्यालयात जमा करून घेतल्या, यंत्रात घालून त्यांचा भुसा केला आणि केक कापला. विमान हलकं झालं, आता चूक व्हायला जागाच नाही, असं पत्र आलं. पानं चुकीच्या जागी लावणारी माणसं आम्हीच होतो जणू. त्या फायलींच्या दप्तराने त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरला होता आणि टॅब आल्यावर तो दुखायचा थांबला, हे मला कबूल करायला हवं. पण नवे नकाशे आता आपोआप यायचे. टिपणंही ते सोफ्यावर बसून स्वतःच टॅबच्या काचेवर पेनने लिहीत.

"माझं काय काम मग?" मी एकदा विचारलं.

"तू वाच ना तुझं पुस्तक," ते म्हणाले. मनात काही न ठेवता म्हणाले. मला ते लागलं, आणि मी त्या वस्तूचा मनापासून द्वेष करू लागले. आजही करते.

ते गेल्यावर महिन्याभराने मीच कंपनीत फोन केला. तुमची वस्तू माझ्या घरात पडली आहे, घेऊन जा. "सावकाश द्या, मॅडम," पलीकडून म्हणाले. मी म्हटलं, नाही, याच आठवड्यात.

मुंबईहून एक तिशीतला माणूस आला. टॅब चालू स्थितीत आहे ना, हे पाहायला त्याने कंपनीचा सांकेतिक आकडा घालून तो उघडला. कुठल्याशा डोंगराळ विमानतळाचा नकाशा समोर आला आणि त्यावर लाल, वेडंवाकडं, देवनागरीत लिहिलेलं: 'इथे घाई नको. सोबतच्याला आधी बोलू दे.'

घरात त्यांच्या हातचं म्हणून फक्त सह्या उरल्या होत्या. पत्रं त्यांनी कधी लिहिली नाहीत, फोन करायचे. त्याने बोटाने पुढचे नकाशे सरकवले, आणि हे सगळं इथे होतं, पानामागून पान.

"हे मला हवंय," मी म्हटलं.

"टॅब कंपनीचा आहे, मॅडम."

"टॅब नको. हे लिहिलेलं द्या."

"तेही कंपनीचंच असतं."

"वारा कुठून ढकलतो ते माझ्या नवऱ्याला कंपनीने सांगितलं होतं का?"

मी फोन काढला. त्याने काचेवर तळवा ठेवला. "फोटो नको मॅडम, माझी नोकरी जाईल."

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या परंदवडीच्या मावशी दारात उभ्या होत्या. "काढू द्या की वो भाऊ. हितं कोन बगायलंय? मानूस गेलंय, त्येचं अक्षार बी न्हेता का?"

त्याने हात काढून घेतला. खाली काच पांढरी झाली होती आणि मधोमध एक चक्र फिरत होतं.

"हे काय?"

"पुसलं जातंय." तो खाली पाहत राहिला. "तुम्ही परत न्या म्हणालात ना, त्याच दिवशी ऑर्डर टाकली होती आम्ही. चालू होऊन नेट मिळालं, की आपोआप होतं."

"थांबवा."

"थांबत नाही, मॅडम."

इतके दिवस तो कपाटात बंद पडून होता. मी फोन केला नसता तर तसाच राहिला असता. ही चूक माझी आहे, पण मी ती त्याला सांगितली नाही.

चक्र थांबल्यावर त्याने स्वतःच्या पिशवीतून दुसरा टॅब काढून माझ्यापुढे धरला. "परत मिळाल्याची पोच. इथे बोटाने सही करा."

"मी बोटाने सही करत नाही. कागद आणा."

"कागद आता वापरतच नाही आम्ही."

"मग कागद मिळेल तेव्हा या." मी तो पुसलेला टॅब उचलून मांडीवर घेतला. काच अजून कोमट होती. "तोवर हा इथेच राहील."

"पण त्यात आता काहीच नाहीये, मॅडम."

"मला दिसतंय."

मावशींनी विचारलं, "च्या ठिवू का पावण्याला?"

"नको," मी म्हटलं, "ते निघालेत."