आबाच्या छातीवरला लाल रंग

आमच्या घरात क्यान्सर आल्यापासून किस्से असे साचायलेत, जशा शेळ्यांच्या खोपीत लेंड्या. रोज झाडा, सकाळी पुन्हा तेवढ्याच! लोकं म्हनतेत, "बाप आजारी अन् पोरगं दात काढतंय." आता मी आठवीतच शाळेला टाटा केलेला मानूस. रडायचा धडा पुढं असंल!

पहिल्या दिवशी डॉक्टरनं आबाला इचारलं, "काका, काय करता?"

"शेळ्या हायत."

"किती?"

"अठ्ठावीस."

मंग डॉक्टरनं अन्ननळीतली गाठ सांगितली, खर्च बी सांगितला. बाहेर आल्याव आबा म्हनला, "ह्यो डॉक्टर हाय का खाटीक बे? आधी कळप मोजला, मंग रोग सांगितला!"

*

चकलांब्याचा मावसा पावडर घेऊन आला. "पंधरा दिवसात गाठ गायब! कावून शहरात पैसे घालता?"

आबा म्हनला, "आधी बोकडाला चार."

आमच्या बोकडानं माझं प्रगतीपुस्तक खाल्लंय. (मीच चारलं, पर त्ये जाऊ द्या.) त्यानं पावडर हुंगली, शिंकलं अन् तोंड फिरवलं.

"ज्ये बोकड खाईना, त्ये मी खाऊ व्हय?"

उरलेली पावडर मी मावशाच्या चहात टाकली. चार दिवस घराभायेर पडला न्हाई गडी!

*

दवाखान्याच्या लाईनीत परभनीचा एकजन म्हनला, माझं दोन एकर रान गेलं. जालन्याचा म्हनला, पोरीच्या लग्नाचं सोनं गेलं. आबाच्या तवर एकोनीस शेळ्या गेलत्या.

मी इचारलं, "आबा, ह्या लाईनीत श्रीमंत कोनीच न्हाई का?"

"हायत की. आज पहिल्यांदाच आलेत, त्ये समदे!"

*

गाठीला मशिनीचा शेक द्यायच्या आधी तिथल्या मॅडमनं आबाच्या छातीवर जांभळ्या शाईनं फुल्या मारल्या. "काका, शेवटच्या दिवसापर्यंत पुसायच्या नाहीत हं."

आमच्यात इकलेल्या शेळीच्या पाठीवर यापारी लाल रंग लावतो. रंग पुसला म्हंजी सौदा मोडला.

शनवारी आमी लिंबागणेशला घरी आलो तर मोरीच्या पाठीवर लाल रंग! आमच्या माघारी आईनं सौदा केलता. मोरी म्हंजी आमची दुभती शेळी. आबाच्या नरड्याखाली भाकर उतरतच न्हाई, नुस्तं मोरीचं दूध उतरतंय.

आबा तडक बोअरवर गेला, घासनी घेतली अन् छाती घासघासून समद्या फुल्या पुसल्या.

"मोडला सौदा! एका मानसापायी समदा कळप न्हाई इकायचा. सोमवारी कोन बी जायचं न्हाई."

मी कायतरी इनोद मारायला तोंड उघडलं. आलाच न्हाई.

आई उठली. यापाऱ्याचा रंगाचा डबा ओट्यावरच राहिलता. त्यात तीन बोटं बुडवून तिनं आबाच्या छातीवर ही मोठी रेघ ओढली.

"शेळ्या पुन्हा व्हतील. ह्या जनावराचा इसार मी दिलाय. गुमान चलायचं!"

सोमवारी आबानं शर्ट काढला तशा मॅडम वरडल्या, "काका! माझ्या खुणा कुठंयत? अन् हा लाल रंग कोणी लावला?"

आबा मशिनीखाली आडवा व्हत म्हनला, "मालकिनीनं."