गोलाच्या मधोमध

विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात त्यांना सगळे ‘नवे सर’ म्हणत. वयाने सगळ्यांत जुने, पण वर्गात दर वर्षी काहीतरी नवं करायची भारी हौस. कधी चित्रांचे पत्ते, कधी खोटीखोटी मुलाखत, आणि आता खुर्च्यांचा गोल. “भाषा पोरांनी बोलायची असते, मास्तरने नाही,” हे ते भेटेल त्याला ऐकवत, आणि समोरचा सुटकेची वाट बघत मान डोलवत असे. निवृत्तीला एकच सत्र उरलं होतं. त्याआधी हा गोल सगळ्या वर्गांत लागू व्हावा, हाच त्यांचा ध्यास. मान्यता देण्याआधी विभागाच्या समितीने एका तासाचं रेकॉर्डिंग तेवढं मागवलं होतं.

रविवारी दुपारी बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. सरांनी मोठ्या ऐटीत ते रेकॉर्डिंग लावून फोन कपड्यांशेजारी ठेवला. “ऐक, माझी पोरं कशी बोलतात ते.”

फोनमधून बराच वेळ सरच बोलत राहिले. “ही प्रस्तावना आहे,” सर म्हणाले. मग त्यांनी वर्गाला प्रश्न विचारला आणि उत्तरही देऊन टाकलं, वर स्वतःलाच “व्हेरी गुड”. एका मुलीचा आवाज आला, “सर, आय थिंक...” “एक्झॅक्टली!” म्हणत तिला काय वाटतं तेही सरांनीच सांगितलं. थोड्या वेळाने तीच मुलगी पुन्हा काही बोलू गेली आणि पुन्हा तेच झालं. त्यानंतर ती नुसती “येस सर” म्हणाली. मग तिचा आवाज आलाच नाही.

 गोल सरांनीच आखला होता, आणि त्याच्या मधोमध उभेही तेच राहिले होते. इतकी वर्षं पोरं बोलतात म्हणून छातीठोकपणे सांगत आलो, ते कुणाचा आवाज ऐकून?  त्यांनी फोन बंद केला.

“मी घरीही असाच का गं?” त्यांनी विचारलं.

बायकोचे हात थांबले. तिने मान वर केली, तोंड उघडलं.

“म्हणजे, दमून आल्यावर होतं माणसाचं तसं,” सर म्हणाले.

बोलून गेल्यावर ते शब्द त्यांचे त्यांनाच ऐकू आले. बायकोने तोंड मिटलं आणि पुढचा शर्ट घडी घालायला घेतला.