संपणारा रस्ता

सत्तरच्या दशकात मी सुरतेला बँकेत होते. घरात कपाट हवं होतं, म्हणून एका रविवारी उधना भागातल्या जुन्या सामानाच्या बाजारात गेले. तिथे कापडाच्या लूमवरचा एक खानदेशी कामगार माणसाएवढी लाकडी पेटी विकत बसला होता. पेटीला काच, मोटारीचं स्टिअरिंग आणि नाणं टाकायची फट होती. आत पत्र्याची छोटी मोटार होती आणि तिच्याखालून सरकणारा, कापडावर रंगवलेला रस्ता. जत्रेत मांडायला हा खेळ त्याने स्वतः बनवला होता.

“अर्धाच राहिला, ताई,” तो म्हणाला.

लूमवर कापड गुंडाळतात तसा त्याने रस्ता रुळावर गुंडाळला होता. कापड संपलं की रस्ताही संपायचा. दोन्ही टोकं जोडून तो फिरता ठेवावा, हे त्याला उशिरा सुचलं. तोवर लूमवरचं काम सुटलं होतं आणि खोली त्याच दिवशी सोडायची होती.

“लाकूड चांगलं आहे. आत फळ्या बसतील,” मी म्हटलं.

“खेळ म्हनून कोनीच घेनार नाही का?”

“अर्धा खेळ कोण घेईल?”

त्याने पैसे मोजून घेतले. हातगाडी आली, तेव्हा त्याने काच पुसली आणि बाजूचा दांडा फिरवत सगळा रस्ता उलटा गुंडाळला, पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत.

“आता कशाला?”

“कोनी खेळायला बसलं, तर सुरुवातीपासून लागेल ना.”

सुताराने संध्याकाळी तो रस्ता कापून काढला. कापड जाड होतं. दाराशी पायपुसणं म्हणून बरीच वर्षं टिकलं.