सातभाईंचं निळं टरफल

रिठद गावच्या पंचफुला खिल्लारेला अक्षरओळख नव्हती, पण मागून पाखराचा नुसता आवाज आला तरी ती हातातलं काम न थांबवता त्याचं नाव सांगायची. हे काही तिला फुकट मिळालं नव्हतं. आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत तिनं लोकांच्या ज्वारीची राखण केली होती. दिवसभर मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची, आणि ज्यांना हाकललं त्यांचेच खोपे सांजेला धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरी-बाभळीत शोधत बसायची.

बहात्तरच्या दुष्काळात गावच्या विहिरींनी तळ दाखवला. पाखरं कुठं गेली ते कोणी विचारलं नाही. पंचफुला आणि तिचा नवरा जानराव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. येताना ती दोन मैलांवरून एक हंडा पाणी आणायची. तिच्या परसात एक लिंबोणी होती. तिच्या बुडाशी तिनं सपाट दगड टाकला आणि दोघांनी त्यावरच आंघोळ करायची असा नियम घातला.

जानराव कुरकुरला. "माणसाले प्याले पाणी नाई, अन् तू झाडाले पाजून राह्यली!"

"पाजतो कुठी? तुमच्या अंगावरचंच जाते तिले," पंचफुला म्हणाली.

गावातली कितीतरी झाडं वाळली. लिंबोणी जगली.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात एका सकाळी कुंपणाशी वालाच्या शेंगा तोडताना तिला चिखलात काहीतरी चमकताना दिसलं. अर्धं टरफल. निळंशार. तिनं ते तळहातावर घेतलं आणि उभ्या जागी हसू लागली. सातभाई! दोन वर्षं या पाखरांची कलकलसुद्धा नव्हती; महिन्यापूर्वी ती लिंबोणीत पुन्हा ऐकू आली, आणि आज हे टरफल.

त्याच वेळी शाळेतल्या ललिताबाई चौथीच्या मुलांना झाडंवेली दाखवत गल्लीतून चालल्या होत्या. बाई नव्या होत्या, अमरावतीहून आलेल्या. पंचफुलानं कुंपणावरून हात पुढे केला. बाईंनी टरफल पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अरेरे! मुलांनो, हे बघा, सापानं अंडं खाल्लं."

"नाई बाई," पंचफुला म्हणाली.

मुलं चपापली. बाईंना कोणी नाही म्हणत नसे.

"साप अंडं अख्खं गिळते, टरफल मांगं ठेवत नाई. कावळा चोच मारते, तर भोक वाकडंतिकडं होते अन् पिवळं लागून राहते. हे पाहा. टोपी काढल्यावानी गोल कापलं हाय. आतून कापलं. पिलानं."

बाईंनी टरफल डोळ्यांजवळ नेलं. कड खरोखरच गोल होती. "मग खोपा इथंच वर असेल?"

"इथी नाई. मायबाप टरफल उचलून दूर आणून टाकतेत, बोक्याले पत्ता लागू नये म्हून. खोपा तिकडं निंबुनीत हाय. पन कोनी जवळ जाऊ नका, नाईतर सातीच्या साती भाऊ अंगावर येतीन!"

मुलं हसली. ललिताबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पंचफुलाबाई, मला हे ठाऊक नव्हतं. उद्या शाळेत येऊन वर्गाला सांगाल?"

पंचफुला आजवर शाळेत गेली होती ती फक्त अंगण सारवायला. दुसऱ्या दिवशी तिनं धुवट लुगडं नेसलं, शेतातल्या निंदणाचा खाडा केला आणि गेली. हेडमास्तर दौलतराव स्वतः खुर्ची घेऊन आले. ती बसली नाही. मचाणावर उभी राहायची तशीच उभी राहिली आणि तासभर बोलली. होल्याचं अंडं पांढरं कसं, शिंपी पक्षी पानं कशी शिवतो, बुलबुलाच्या अंड्यावर तांबडे शिंतोडे कसे असतात.

"तुमी कोन्या शाळेत शिकल्या?" एका पोरीनं विचारलं.

"ज्वारीच्या," पंचफुला म्हणाली.

मग मुलं टरफलं आणू लागली. गोठ्यातून, वाडीतून, पाटलाच्या पडवीतून. प्रत्येक टरफल आधी पंचफुलाच्या हाती जाई. ती उजेडात धरून पाही, आणि खात्री नसली तर सरळ "मले नाई मालूम" म्हणे. दिवाळीपर्यंत खडूच्या खोक्यात कापसावर अकरा जातींची टरफलं जमली. ती सांगत गेली, बाई चिठ्ठ्या लिहीत गेल्या. झाकणावर बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं: माहिती देणार, पंचफुला जानराव खिल्लारे.

जानराव दुसरी शिकलेला. पंचफुलासोबत तो खोकं पाहायला शाळेत आला आणि बोट ठेवून त्यानं ते तीनदा वाचलं. मग घसा खाकरून म्हणाला, "बाई, आजच्या रोज हे घरी नेऊ काय? मोहल्ल्यात दाखवतो. सकाळी वापस आनून देतो."

बाईंनी खोकं त्याच्या हातात ठेवलं. तो मागच्या गल्लीनं नाही, भर बाजारपेठेतून निघाला, दोन्ही हातांत खोकं धरून. कोणी थांबवलं की तिथंच झाकण दाखवी. पंचफुला त्याच्या दोन पावलं पुढं ताठ मानेनं चालत होती, आणि मधूनच वळून बजावत होती, "खाली पाहून चाला. पाडसान!"