पान चार आमच्याकडेच आहे

मंडळी, आमच्या अमरावतीच्या कार्यालयात आजपासून चहा अर्धा कप झाला आहे. वृत्तपत्रसृष्टीच्या या अधःपतनाची इतिहासाने कृपया नोंद घ्यावी.

जाब विचारायला मालक-संपादक रफिकभाईंकडे गेलो, तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. "पंडितजी, अंक खपत नाही तं चहा कुठून पाजू? हे वाचा पयले."

मोर्शीच्या संत्राबागांतल्या फळगळीवरची माझी बातमी एका मोठ्या वेबसाइटने आमच्या ई-पेपरच्या पहिल्या पानावरून उचलली होती; तेवढं एकच पान आम्ही फुकट दाखवतो. तीही इतक्या श्रद्धेने, की शेवटचं 'उर्वरित वृत्त पान चारवर' हेसुद्धा तसंच! वेबसाइटला कुठलं आलंय पान चार?

फोन लावला. तिथला उपसंपादक म्हणाला, "सर, खाली तुमच्या पेपरचं नाव दिलंय की. फुकट प्रसिद्धी!"

रफिकभाईंनी फोन ओढून घेतला. "वा रे भाऊ! संत्रे तुमी तोडून नेले, अन् सालीवर आमचं नाव टाकून राहिले? मोबदला द्या, नाही तं बातमी काढा."

तो नरमला. "बरं, निदान पान चार तरी पाठवा."

"मोबदला आला का पाठवतो," म्हणत रफिकभाईंनी फोन ठेवला.

पान चारवर बागाईतदारांचं म्हणणं आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी आमचा अंक घ्यावा. आम्ही फुकट देणार नाही. तुम्हीच सांगा, यात आमचं काय चुकलं?

अर्ध्या चहाचं मी सोसेन. पण मला मोर्शीला पाठवतात ते रफिकभाई, ती वेबसाइट नव्हे. उद्या परवडेना म्हणून रफिकभाईंनी पेपर बंद केला, तर त्या बागांत विचारायला कोणीच जाणार नाही. याची मला खरंच भीती वाटते.